नामदिन कसा ठरवावा आणि कसा साजरा करावा : नाशिककर कुटुंबांसाठी मार्गदर्शन

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील जर्मन आणि स्वीडिश कंपन्यांमुळे, तसेच शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी युरोपात गेलेल्या मुलामुलींमुळे, नाशिकच्या बऱ्याच घरांत आता असा प्रसंग येतो की पोलंडमधला सहकारी किंवा ग्रीक व्याही फोनवर ‘आज माझा नामदिन’ असे सांगतो आणि त्यावर काय बोलावे, काय पाठवावे, हे घरात कोणालाच सुचत नाही. काही जण घाईने वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन मोकळे होतात. नामदिन आणि वाढदिवस या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे समोरचा माणूस हसून सोडून देतो, पण मुद्दा चुकलेलाच असतो. नामदिन म्हणजे काय, त्याची तारीख कशी शोधावी, त्या दिवशी कसे वागावे आणि हौस असल्यास आपल्या मराठी नावाचाही असा दिवस कसा ठरवावा, याची माहिती पुढे दिली आहे.

वाढदिवस एकट्या माणसाचा असतो, तर नामदिन एका नावाच्या सगळ्या माणसांचा असतो. दिनदर्शिकेत 19 मार्च ही तारीख योसेफ या नावाची असेल, तर गावातील दोन वर्षांचा योसेफ आणि ऐंशी वर्षांचा योसेफ हे दोघेही त्या दिवसाचे सारखेच मानकरी ठरतात. त्यामुळे या दिवशी वयाचा विषय निघत नाही, मेणबत्त्या मोजल्या जात नाहीत आणि जन्मसालही विचारले जात नाही. ज्यांना वाढदिवशी वय सांगण्याचा संकोच वाटतो, त्यांना ही प्रथा का आवडते, हे वेगळे सांगायला नको.

प्रथेचा उगम ख्रिस्ती चर्चच्या पंचांगात आहे. हुतात्मे आणि संत यांच्या स्मरणाचे दिवस त्या पंचांगात नेमून दिलेले असतात, आणि त्यांपैकी बहुतेक दिवस संताच्या जन्माचे नसून देहावसानाचे असतात, कारण संताचा मृत्यू हा त्याचा स्वर्गातील जन्म, अशी त्यामागची श्रद्धा आहे. भारतात सर्वांना परिचित असलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण 3 डिसेंबरला येतो, तो त्यांचे 1552 मध्ये त्या तारखेला निधन झाले म्हणूनच. वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला हे समजायला अडचण पडू नये. आळंदीची कार्तिक वद्य त्रयोदशी, देहूची तुकारामबीज आणि पैठणची नाथषष्ठी हे तिन्ही दिवस संतांच्या प्रयाणाचे असूनही आपण ते उत्सव म्हणूनच पाळतो.

मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव दिले जाई आणि तो संत त्या मुलाचा पाठीराखा मानला जाई. अनेकदा ज्या दिवशी बाप्तिस्मा, त्या दिवसाच्याच संताचे नाव ठेवले जाई. मार्टिन ल्यूथर यांचा जन्म 10 नोव्हेंबर 1483 चा. दुसऱ्या दिवशी, संत मार्टिनच्या सणाला, त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नाव पडले मार्टिन. पुढे त्यांच्याच धर्मसुधारणेमुळे उत्तर युरोपात संतपूजा मागे पडली, पण छापील पंचांगातील नावे मात्र टिकून राहिली. स्वीडनमध्ये 1747 पासून 1972 पर्यंत पंचांग छापण्याचा एकाधिकार तेथील विज्ञान अकादमीकडे होता. आज तेथील यादीत संतांशी काहीही संबंध नसलेली नावेही आहेत. फिनलंडमध्ये नावांची यादी हेलसिंकी विद्यापीठ ठरवते आणि दर पाच वर्षांनी ती सुधारते. फिनिश आणि स्वीडिश भाषकांसाठी तेथे वेगवेगळ्या याद्या आहेत, आणि घोडे, कुत्री व मांजरे यांच्यासाठीही आहेत. आपल्याकडे बैलपोळा असताना याचे नवल कशाला वाटावे!

तारीख शोधताना घ्यायची काळजी

नामदिनाची एकच जागतिक यादी नाही. त्यामुळे समोरची व्यक्ती कोणत्या देशाची आणि कोणत्या चर्चची, हे आधी विचारावे आणि मगच त्या देशाची यादी पाहावी. स्वीडनच्या यादीत 1 जानेवारीला कोणाचेच नाव नाही, तर ग्रीसमध्ये हाच दिवस वासिलिओस नावाच्या असंख्य लोकांचा असतो. संत निकोलसचा सण 6 डिसेंबरला येतो, पण जी ऑर्थोडॉक्स चर्च अजून जुलियन पंचांग पाळतात, त्यांच्याकडे तोच सण तेरा दिवसांनी, म्हणजे 19 डिसेंबरला येतो. कॅथलिक पंचांगातही 1969 च्या फेररचनेत काही तारखा हलल्या. संत थॉमसचा सण पूर्वी 21 डिसेंबरला असे, तो आता 3 जुलैला असतो. तरीही काही देशांच्या दिनदर्शिकांत जुनीच तारीख कायम आहे.

काही नामदिन दरवर्षी सरकतात. ग्रीसमध्ये योर्गोस नावाचा दिवस एरवी 23 एप्रिलला येतो, पण ती तारीख ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पडली तर सण ईस्टरनंतरच्या सोमवारी जातो. 2024 मध्ये ऑर्थोडॉक्स ईस्टर 5 मे रोजी आल्यामुळे सगळ्या योर्गोसांचा नामदिन 6 मे रोजी झाला. तिथीवर सण करणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रकार चमत्कारिक वाटणार नाही.

एकाच नावाचे अनेक संत असतील, तर त्या नावाच्या अनेक तारखा असतात. पोलंडमध्ये अशा वेळी बहुधा वाढदिवसानंतर सर्वांत आधी येणारी तारीख धरतात. कॅथलिक कुटुंबांत ज्या संताच्या स्मरणार्थ नाव ठेवले, त्याचाच दिवस धरणे अधिक योग्य समजले जाते. फ्रान्सिस हे नाव झेवियरवरून असेल तर 3 डिसेंबर आणि असिसीच्या फ्रान्सिसवरून असेल तर 4 ऑक्टोबर. शरणपूर किंवा नाशिकरोड परिसरातील एखाद्या कॅथलिक कुटुंबाला हा दिवस पाळायचा असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ही गोष्ट आधी स्पष्ट करून घ्यावी. लाडके नाव वेगळे असले तरी तारीख मूळ नावाची असते; पोलंडची काशा ही खरी काताझिना, म्हणून तिचा नामदिन 25 नोव्हेंबरला.

ज्यांचे नाव यादीतच नाही, त्यांचीही सोय आहे. लाटव्हियाच्या दिनदर्शिकेत 22 मे हा दिवस अशा सर्वांसाठी राखून ठेवलेला आहे. ज्यांच्या नावाचा संत नाही, असे ग्रीक लोक सर्व संतांच्या सणाला आपला दिवस मानतात, तर बल्गेरियात ईस्टरच्या आधीच्या रविवारी फुलांची आणि वनस्पतींची नावे असलेले सगळे जण नामदिन साजरा करतात. ही शेवटची कल्पना मला फार आवडते आणि पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

शुभेच्छा आणि भेटवस्तू

ग्रीक व्यक्तीला ‘ख्रोन्या पोला’ म्हणावे. हंगेरियन व्यक्तीला ‘बोल्दोग नेव्नापोत’ आणि स्वीडिश व्यक्तीला ‘ग्रात्तिस पो नामन्सदागन’ म्हटले की पुरे. उच्चार थोडा चुकला तरी हरकत नाही. त्या दिवसाची आठवण ठेवली, यातच बरेच काही येते. ग्रीसमध्ये घरातील इतर माणसांनाही तीच शुभेच्छा देतात, म्हणून फोन सासूबाईंनी उचलला तर त्यांनाही म्हणावी.

खर्चाची रीत नीट लक्षात घ्यावी. ज्याचा नामदिन, तोच मिठाई वाटतो. ग्रीसमध्ये कार्यालयात पेटी घेऊन येणारा तोच, आणि संध्याकाळी घरी येणाऱ्यांना खाऊ घालणाराही तोच. बल्गेरियात आणि लाटव्हियात नामदिनाला आमंत्रणाची वाट पाहत नाहीत, माणसे आपण होऊन येतात. म्हणून परदेशात राहणाऱ्या नाशिककरांनी अशा घरी जाताना ‘बोलावले नाही, कसे जायचे’ असा संकोच धरू नये, मात्र रिकाम्या हातानेही जाऊ नये. भेट लहान असावी. वाढदिवसासारखी महागडी वस्तू नेली तर यजमानाला अवघडल्यासारखे होते.

फुले नेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पोलंड, चेकिया आणि एकूणच त्या भागात आनंदाच्या प्रसंगी फुलांची संख्या विषम ठेवतात, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीची समजली जातात. दुसरी गोष्ट शेवंतीची. आपल्याकडे दसऱ्याला दाराला लागते ती पिवळी शेवंती पोलंडमध्ये 1 नोव्हेंबरला थडग्यांवर वाहतात. नामदिनाला ती घेऊन गेल्यास शुभेच्छेचा विपरीत अर्थ होईल. गुलाब नेणे सुरक्षित. हंगेरीत पुरुषांना वाइनची बाटली देण्याची पद्धत असल्यामुळे नाशिकहून जाणाऱ्या माणसाला तर भेटवस्तू शोधावीच लागू नये, फक्त विमानातील नियम तेवढे पाहून घ्यावेत.

आपल्या नावाचा दिवस कसा निवडावा

आपल्याकडे नामदिन या नावाची प्रथा नाही, परंतु नाव आणि काळ यांची सांगड मात्र जुनीच आहे. बाराव्या दिवशी बारसे होते. पाळण्याखालून आणि पाळण्यावरून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ एकमेकींच्या हाती दिले जाते, आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते आणि घुगऱ्या वाटल्या जातात. धर्मसिंधूत नावाचे चार प्रकार सांगितले आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. यातील मासनामासाठी बारा महिन्यांना विष्णूची बारा नावे नेमलेली आहेत, म्हणजे नावाला काळाशी जोडण्याचा विचार आपल्या शास्त्रकारांनीही केला होता. ज्यांना वाढदिवसाच्या जोडीला नावाचाही दिवस हवा असेल, त्यांनी नाव कोठून आले, याचा शोध घेऊन त्या उगमाचा दिवस धरावा. सोयीचा रविवार किंवा सुट्टीचा दिवस धरू नये, कारण तो मग त्या नावाच्या इतरांचा दिवस राहत नाही आणि प्रथेचा गाभाच हरवतो.

देवांवरून आलेल्या नावांचे काम सोपे आहे. राम, रामचंद्र, रघुनाथ यांनी चैत्र शुद्ध नवमी धरावी. काळाराम मंदिरात ज्या दिवशी अवघी पंचवटी लोटते, तो दिवस नाशिकच्या रामाने सोडून दुसरा कोणता शोधायचा? मारुती, हनुमंत आणि अंजनी यांनी चैत्री पौर्णिमा धरावी, कारण अंजनेरी डोंगर तर घराजवळच आहे. त्र्यंबक, शंकर, महादेव यांना महाशिवरात्र, विठ्ठल, पांडुरंग, पंढरीनाथ, रुक्मिणी यांना आषाढी एकादशी, खंडेराव आणि मल्हार यांना मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी, दत्तात्रेयाला मार्गशीर्ष पौर्णिमा, नरहरीला वैशाख शुद्ध चतुर्दशी, वामनाला भाद्रपद शुद्ध द्वादशी, अनंताला अनंत चतुर्दशी, राधेला राधाष्टमी. सावित्रीला दोन दिवस उपलब्ध आहेत: पुराणातील सावित्रीसाठी वटपौर्णिमा आणि सावित्रीबाई फुले यांच्यावरून नाव ठेवले असेल तर 3 जानेवारी. गौतम आणि सिद्धार्थ यांना वैशाखी पौर्णिमा, महावीर आणि वर्धमान यांना चैत्र शुद्ध त्रयोदशी, भीमरावांना 14 एप्रिल.

नाशिक जिल्ह्यात घरोघर आढळणारे निवृत्ती हे नाव मात्र थोडा विचार करायला लावते. संत निवृत्तीनाथांनी 1297 मध्ये ज्येष्ठ वद्य द्वादशीला त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली, पण त्यांची मोठी यात्रा भरते ती पौष वद्य एकादशीला, जेव्हा जिल्हाभरातून दिंड्या त्र्यंबकच्या वाटेला लागतात. माझ्या मते पौषातील एकादशी धरावी. नाव ठेवणाऱ्या आजोबांच्या मनात बहुधा ती दिंडीच असणार.

तिथी स्वतः मोजण्याच्या फंदात पडू नये. रामनवमीला नवमी माध्यान्हकाळी असावी लागते, जन्माष्टमीला अष्टमी मध्यरात्री पाहतात, नरसिंह जयंतीला सायंकाळची चतुर्दशी धरतात. त्यामुळे तिथी दोन दिवसांत विभागली गेली की सूर्योदयाची तिथी पाहणारा माणूस हमखास चुकतो. पंचांगकर्त्याने सण ज्या तारखेला छापला असेल, तीच तारीख घ्यावी. अधिक महिन्यात असे दिवस धरत नाहीत. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून त्या वर्षी वटपौर्णिमा निज ज्येष्ठात येते. उत्तर भारतातील नातेवाइकांना तिथी कळवताना महिन्याच्या नावाचा घोळ होतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला ते भाद्रपदातील अष्टमी म्हणतात. त्यांना इंग्रजी तारीखच कळवावी.

नदीच्या, फुलांच्या आणि अलीकडच्या नावांना थोडी कल्पकता लागते. गोदावरी आणि गोदा या नावांसाठी माघ शुद्ध पक्षात रामकुंडावर होणाऱ्या गोदावरी जन्मोत्सवाहून चांगला काळ कोणता? जाई, जुई, केतकी, मोगरा, बकुळ यांनी बल्गेरियाच्या फुलांच्या रविवाराप्रमाणे एकच दिवस धरावा, आणि तो वसंत पंचमीचा असावा, असे मी सुचवीन. अश्विनी, रोहिणी, चित्रा, स्वाती, रेवती यांनी आपल्या जन्ममासात ते नक्षत्र ज्या दिवशी येते, तो दिवस घ्यावा. कविता, काव्या, ओवी यांच्यासाठी 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन योग्य आहे, कारण तो नाशिकच्या वि. वा. शिरवाडकर यांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, जन्मदिवस आहे. आरव, विहान यांसारख्या नावांसाठी ओढूनताणून देव शोधण्यापेक्षा लाटव्हियाप्रमाणे सर्वांचा एक मुक्त दिवस ठेवावा. गुढीपाडवा त्यासाठी बरा.

दोन ठिकाणी तारतम्य हवे. नातवाला दिवंगत आजोबांचे नाव दिलेले असेल, तर आजोबांच्या श्राद्धतिथीला नातवाचा नामदिन करू नये. संतांच्या समाधीचा उत्सव होतो, पण घरातील माणसाच्या तिथीचा होत नाही. अशा वेळी ते नाव ज्या देवाचे, त्याचा दिवस घ्यावा. लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने लिहून ज्यांचे नाव बदलले गेले, त्या स्त्रियांपुढे कोणत्या नावाचा दिवस धरावा, असा प्रश्न येतो. हा निर्णय सर्वस्वी त्यांचा आहे. सासरच्यांनी परस्पर ठरवून टाकू नये. माझे मत विचाराल तर आत्याने कानात सांगितलेले नाव आधीचे, म्हणून त्याचा मान पहिला.

घरी काय करावे

सकाळी अंघोळीनंतर देवापुढे दिवा लावून औक्षण करावे. वाढदिवसाचे ओवाळणे आयुष्यवृद्धीसाठी असते. येथे निमित्त नावाचे असल्यामुळे ते नाव पूर्ण उच्चारून ओवाळावे. एरवी ‘पिंट्या’ आणि ‘बाळ्या’ म्हणवून घेणाऱ्या माणसाला निदान त्या दिवशी पाळण्यातल्या नावाने हाक मारावी. नाव ठेवणारी आत्या हयात असेल तर तिला बोलवावे, गावाला असेल तर फोन लावावा आणि हे नाव का सुचले, दुसरी कोणती नावे मागे पडली, कोण रुसले होते, हे तिच्याच तोंडून घरातल्या मुलांना ऐकवावे. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवता आले तर उत्तम, कारण या हकिकती कोणत्याही कागदावर लिहिलेल्या नसतात.

यातील अनेक दिवस उपवासाचे आहेत, हे जेवणाचा बेत करताना विसरू नये. एकादशी आणि महाशिवरात्रीला पुरणपोळी किंवा केक चालणार नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याचा शिरा हा बेत पाहुण्यांनाही आवडतो. रामनवमीला आणि जन्माष्टमीला सुंठवडा करावा. एक वाटी सुके खोबरे किसून मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजावे, दोन चमचे खसखस वेगळी भाजून कुटावी, त्यात अर्धी वाटी खारीकपूड, पाऊण वाटी पिठीसाखर आणि दोन चमचे सुंठपूड मिसळावी. खोबरे गरम असताना साखर घातली तर तिला पाणी सुटून गोळे होतात, म्हणून ते पूर्ण गार होऊ द्यावे. कार्यालयात वाटायला हा पदार्थ सोयीचा, कारण तो सांडत नाही आणि दोन-तीन दिवस सहज टिकतो.

वाटण्याचे काम ज्याचा नामदिन त्यानेच करावे. इतरांकडून मेजवानी उकळण्याचा हा दिवस नव्हे. त्याच नावाचे आणखी कोणी गल्लीत, सोसायटीत किंवा कारखान्याच्या पाळीत असतील, तर त्यांना जरूर बोलवावे. सिडकोच्या एखाद्या इमारतीत तीन अश्विनी आणि दोन गणेश सहज सापडतात. त्यांनी मिळून एकच बेत केला तर खर्च वाटला जातो आणि एकाच नावाच्या सगळ्यांचा दिवस, ही मूळ कल्पनाही जपली जाते. भेटवस्तू आणू नयेत, असे निमंत्रणातच लिहावे. फारच आग्रह असेल तर पाच किंवा सात गुलाब चालतील.

पाडव्याला नवे पंचांग घरी आले की घरातल्या सर्वांच्या तिथी शोधून त्यांच्या इंग्रजी तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेनने लिहून काढाव्यात, त्यांच्या शेजारी परदेशातील व्याही, सूनबाई आणि सहकारी यांच्या तारखा वेगळ्या शाईने लिहाव्यात. चैत्रातील दिवस पाडव्यानंतर लगेचच येतात, तेव्हा राम आणि मारुती यांच्या घरच्यांनी हे काम आदल्या आठवड्यातच उरकावे.